परवान्याचं 'पहले आप'

जर्मनीत भाड्यानं घर हवं असेल तर घरमालक विचारतो, राहण्याचा परवाना आहे का? परवाना मागायला जावं तर परदेशी नागरिकांच्या कचेरीतला साहेब विचारतो, घर आहे का? भाडं भरायला बँकेत खातं लागतं, खातं उघडायला नोंदवलेला पत्ता लागतो आणि पत्ता नोंदवायला पुन्हा ते घरच लागतं. लखनौच्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. रेल्वेच्या डब्यापाशी 'पहले आप', 'नहीं हुज़ूर, पहले आप' करत दोन नवाबांनी गाडी घालवली, ही त्याच्या शहराची दंतकथा तो पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेला असतो. नवाबांना निदान संध्याकाळची दुसरी गाडी मिळाली असेल. परवान्याच्या कचेरीतली वेळ एकदा हुकली की पुढची वेळ पुढल्या ऋतूत मिळते.

लखनौच्या अलीगंजमधलं एक मराठी घर डोळ्यांसमोर आणा. लखनौत सीएसआयआरच्या चार प्रयोगशाळा आहेत. 1951 साली छत्तर मंज़िल राजवाड्यात सुरू झालेली केंद्रीय औषधी संशोधन संस्था ही त्यांतली एक. अशाच एका प्रयोगशाळेत आयुष्यभर उंदरांना औषधं देऊन सासरे निवृत्त झाले. सासूबाई मूळच्या पुण्याच्या, पण चाळीस वर्षांत हिंदीला लखनवी आणि मराठीला पुणेरी धार टिकवून आहेत. मुलाचं लग्न सांगलीच्या मुलीशी झालं आणि महिनाभरात मुलगा जर्मनीला शिकायला गेला. सूनबाई मागे राहिल्या. त्यांना आता नवऱ्याकडे राहायला जायचंय, म्हणजे आधी दीर्घ मुदतीचा व्हिसा आणि तिथे उतरल्यावर राहण्याचा परवाना. कुटुंब काल्पनिक आहे, नियम खरे आहेत, आणि दोहोंपैकी विश्वास ठेवायला कठीण नियमच आहेत.

मुलाच्या वेळी घरानं थोडी तालीम केली होती. भारतीय विद्यार्थ्याची प्रमाणपत्रं खरी आहेत, असं सांगणारं आणखी एक प्रमाणपत्र जर्मनीला नोव्हेंबर 2022 पासून लागतं. शिवाय वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो एका बंदिस्त खात्यात आधीच ठेवावे लागतात आणि तिथे गेल्यावर ते महिन्याला 992 युरो या हिशोबानं सुटतात. आपलेच पैसे दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचे आणि त्यानं ते दरमहा थोडे थोडे परत करायचे. सासऱ्यांना हे ऐकून जर्मनीबद्दल एकदम आपुलकी वाटली. "ही तर आपली पेन्शन," ते म्हणाले.

सुनेचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. 2007 पासून जर्मनीचा नियम असा की तिथे राहणाऱ्या नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जाणाऱ्याला निघण्यापूर्वीच पहिल्या पायरीपुरतं जर्मन आलं पाहिजे. काही नोकरदारांच्या जोडीदारांना यातून सूट आहे, विद्यार्थ्यांच्या नाही. नवरा फोनवर सांगलीच्या बायकोशी मराठीत भांडतो, तिथल्या दुकानात इंग्रजीत भाजी घेतो, तरी त्याच्याकडे राहायला जायचं तर परीक्षा जर्मनमध्ये. सासूबाईंनी पुस्तक हातात घेऊन रोज दुपारी शिकवणी सुरू केली. त्यांना स्वतःला जर्मन येत नव्हतं, पण शिकवायला ते लागतंच असं त्यांनी कधी मानलेलं नाही.

"वी हायसन झी? म्हणजे तुमचं नाव काय. बोल."

सूनबाई गप्प.

"अगं, पहिलाच धडा आहे. नाव सांगायचं."

"आई, कुठलं सांगू?"

प्रश्न रास्त होता. पासपोर्टवर माहेरचं नाव होतं: स्वतःचं, वडिलांचं आणि माहेरचं आडनाव. लग्नानंतर आधार कार्डावर ते बदलून स्वतःचं, नवऱ्याचं आणि सासरचं आडनाव झालं. शिवाय लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळात अंगठीनं तिसरंच नाव लिहिलं गेलं होतं. ते नाव घरात कुणी वापरत नाही, अगदी नवराही नाही. पण सासूबाईंनी हौसेनं उघडलेल्या बँकेतल्या संयुक्त खात्यावर नेमकं तेच नाव आहे. म्हणजे एकाच घरात, एकाच कपाटात, एकाच सुनेच्या नावानं तीन बायका नांदत होत्या, आणि जर्मनीला त्यांतली एकच पाठवायची होती.

व्हिसाच्या अर्जात 'पूर्वीची किंवा इतर नावे' असा एक रकाना असतो. तो भरताना घाम फुटलेल्या मराठी माणसानं कैसरबागेतल्या संगीत विद्यापीठाकडे बघून धीर धरावा. लखनौतलं सर्वांत मोठं मराठी नाव तिथल्या पाटीवर आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, व्यवसायानं वकील. त्यांच्या प्रयत्नांतून 1926 साली इथे संगीताचं कॉलेज निघालं. त्याला नाव दिलं गेलं तेव्हाचे गव्हर्नर मॅरिस यांचं. पुढे संस्थेला भातखंड्यांचं नाव मिळालं, मग ते अभिमत विद्यापीठ झालं आणि 2022 पासून ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय आहे. संस्थेलाच इतकी पूर्वीची नावं, तर संस्थापकांची काय कथा! त्यांनी 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्' हा संस्कृत ग्रंथ लिहिला 'चतुर पंडित' या नावानं. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' मराठीत लिहिली 'विष्णु शर्मा' या नावानं. आज ते दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी उभे राहिले असते तर भातखंडे, चतुर पंडित आणि विष्णु शर्मा हे तिघे एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र त्यांना नोटरीकडून करून आणावं लागलं असतं. वकील असल्यामुळे नोटरीशी फीवरून वादही घातला असता.

गंमत इथे संपत नाही. कॉलेजचे नामवंत प्राचार्य आणि भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. मधलं नाव वडिलांचं असतं, हे मराठी घरात मांजरालाही ठाऊक असतं. पण युरोपातला संगणक दोन्ही 'नारायण' शेजारी ठेवून बघेल आणि गुरु-शिष्यांना सख्खे भाऊ ठरवेल. मग आडनावं वेगळी का, याचा खुलासा मागेल.

सूनबाईंच्या खुलाशासाठी कचेरीबाहेरच्या एका नोटरींकडे जाणं आलं. लखनौत कागद नाकारतानासुद्धा अदब सुटत नाही, त्यामुळे नाकारला गेलाय हे अर्जदाराला घरी पोचल्यावर कळतं. नोटरींनी चष्मा पुसून लग्नाची कागदपत्रं चाळली.

"मोहतरमा, ये नाम के आगे 'सौ' लिखा है। सौ किस बात के?"

"सौ नहीं, सौभाग्यवती," सासूबाई म्हणाल्या.

"अच्छा अच्छा। हम समझे फ़ीस लिख लाई हैं।" फी अर्थातच त्याहून बरीच जास्त होती.

भाषांतरकारानं तर कमालच केली. सासऱ्यांनी शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणानं त्याला फाइलमधलं सगळं दिलं होतं आणि त्यात लग्नपत्रिकाही गेली. पत्रिकेवर वधूच्या नावाआधी रीतसर 'चि. सौ. कां.' छापलेलं. भाषांतरकार कर्तव्यदक्ष होता. आलेलं अक्षर सोडायचं नाही, एवढं त्याला माहीत होतं. शिक्कामोर्तब होऊन आलेल्या इंग्रजी प्रतीत वधूचं नाव 'ची साऊ कान' असं सुरू होत होतं. सासऱ्यांनी ते दोनदा मोठ्यानं वाचलं आणि विचारलं, "ही बाई चीनच्या वकिलातीत जायची होती का?" घरात आता चौथी सून आली.

एवढ्यात सांगलीच्या मामांचा फोन आला. व्हिसाच्या प्रत्येक अर्जामागे असा एक मामा असतोच. तो स्वतः कधी परदेशी गेलेला नसतो, पण त्याच्या साडूचा पुतण्या दुबईला गेलेला असतो. मामा म्हणाले, "विवाहाच्या दाखल्यावर अपॉस्टिल मारून घ्या. त्याशिवाय जगात कुठे चालत नाही." मामांचं अर्धं बरोबर होतं. परदेशी कागदांची ही सोपी मान्यता 1961 च्या हेग करारातून आली आणि भारतासाठी तो करार जुलै 2005 मध्ये लागू झाला. मग पुष्पक एक्स्प्रेसनं मुंबई, तिथून दाखल्याला राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मागे सुंदर चौकोनी कागद चिकटवलेला दाखला घरी आला तेव्हा देवापुढे ठेवून त्याला हळदकुंकू लावायचं तेवढं बाकी राहिलं होतं. नंतर कळलं की भारत या करारात आला तेव्हा ज्या देशांनी हरकत नोंदवली, त्यांत जर्मनी होता. जर्मनांना चौकोनी कागद नकोच होता. त्यांच्या पद्धतीत कागदाची पडताळणी होते. म्हणजे दाखला जिथून निघाला तिथल्या दप्तरात जाऊन तो खराच निघाला होता का, हे बघितलं जातं.

मामांना हे कळवल्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मग राहू दे. फ्रान्सला कधी गेलात तर उपयोगी पडेल."

पडताळणीत सांगलीच्या जन्मदाखल्यानं नवा घोळ घातला. त्यावर सूनबाईंच्या आईचं नाव माहेरचं, पत्ता आजोळचा आणि गाव भलतंच. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची साधी गोष्ट. पण ती कागदावर कशी मांडणार? 'आई प्रसूतीसाठी पाच महिने दुसऱ्या घरी राहायला गेली' असं लिहावं तर वाचणाऱ्याला घटस्फोटाचा संशय यायचा. शेवटी सासऱ्यांनी एक पानभर टिपण लिहिलं. त्यात डोहाळजेवण, बाळंतिणीचा आराम आणि माहेरपणाची गरज यांचं इतकं शास्त्रीय वर्णन होतं की ते एखाद्या संशोधनपत्रिकेत सहज छापून आलं असतं.

फोटोचं प्रकरण त्यामानानं लवकर आटोपलं. पस्तीस गुणिले पंचेचाळीस मिलिमीटर, पार्श्वभूमी फिकट, चेहरा सरळ, ओठ मिटलेले. लखनौच्या छायाचित्रकाराला गिऱ्हाइकाला हसवायची सवय. न हसवायचं काम त्याच्या जिवावर आलं. "ज़रा-सी उदास हो जाइए," त्यानं हात जोडून विनंती केली. "यूँ समझिए मायके से विदा हो रही हैं।" सूनबाई म्हणाल्या, "भैया, इस बार ससुराल से हो रही हूँ," आणि सासूबाईंकडे बघून त्यांना इतकं हसू आलं की सगळे फोटो वाया गेले.

दरम्यान गुप्तता पाळणं चालूच होतं. व्हिसा हातात पडेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नाहीतर दृष्ट लागते, या बाबतीत निवृत्त शास्त्रज्ञ आणि त्यांची मोलकरीण यांचं पूर्ण एकमत होतं. मराठी मंडळींच्या गणपतीत कुणी विचारलं की "सून काय करते सध्या?" तर ठरलेलं उत्तर: "भाषा शिकते." कोणती, हे विचारण्याआधी आरती सुरू व्हायची. मग पासपोर्टवर नवं नाव घालण्यासाठी अर्ज गेला आणि पोलीस पडताळणी आली. उत्तर प्रदेशात या कामी ठाण्याबरोबर स्थानिक गुप्तवार्ता शाखेचाही माणूस येतो. गुप्तवार्ता शाखेच्या माणसानं समोरच्या घरातल्या वकीलसाहेबांना विचारलं, "ये बहू कब से रह रही हैं यहाँ?"

"अभी तो आई हैं," वकीलसाहेब म्हणाले, "और अब जर्मनी जा रही हैं। पति-पत्नी वाला वीज़ा है। आख़िरी दिक़्क़त मकान की चल रही है, बारह मीटर वाली।"

सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं. पण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे सुनेचा अख्खा संसार तीन-तीन प्रतींत गेला होता.

आणि बारा मीटरची अडचण खरीच होती. कुटुंबाला बोलावून घ्यायचं तर पुरेशी जागा दाखवावी लागते. जर्मनीतल्या प्रशासकीय नियमांत सहा वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे 12 चौरस मीटर आणि त्याहून लहान मुलामागे 10 असं माप दिलेलं आहे. मुलगा वसतिगृहातल्या एका खोलीत. मोठं घर घ्यायला जावं तर घरमालक म्हणतो, "पत्नी कुठाय?" पत्नीला बोलवायला जावं तर साहेब म्हणतो, "मोठं घर कुठाय?" सासऱ्यांचं बालपण मुंबईच्या बीडीडी चाळीत गेलेलं. त्यांनी वही काढली. चाळीतली खोली 160 चौरस फुटांची, म्हणजे जेमतेम 15 चौरस मीटर. जर्मन मापानं तिच्यात सव्वा माणूस राहू शकतो. प्रत्यक्षात त्या खोलीत ते, पाच भावंडं, आईवडील, आत्या आणि नोकरीच्या शोधात गावाहून आलेले दोन काका राहत. "म्हणजे आम्ही दहा-अकरा जण बेकायदा राहत होतो," ते म्हणाले, आणि अभिमानानं सगळ्यांकडे पाहिलं.

अर्ज द्यायला दिल्लीला जाणं आलं. लखनौ ते नवी दिल्ली धावणारी तेजस एक्स्प्रेस 2019 साली सुरू झाली तेव्हा तिनं एक क्रांतिकारक गोष्ट केली होती: गाडीला तासाहून जास्त उशीर झाला तर प्रवाशाला 100 रुपये, दोन तासांहून जास्त झाला तर 250. सासऱ्यांना ही योजना फार भावली होती. परतीच्या प्रवासात त्यांनी याच दरानं दूतावासाकडून आपलं किती येणं होईल याचा हिशोब मांडला. रक्कम 75 युरोंच्या व्हिसा-शुल्कापेक्षा बरीच जास्त निघाली, तेव्हा त्यांना जरा बरं वाटलं आणि कानपूरपर्यंत झोप लागली.

आता वरच्या मजल्याची हकीकत. याच दिवसांत घरात भाडेकरू म्हणून श्रीलंकेची एक मुलगी आली, कथक शिकायला. लखनौला हे नवं नाही. सिंहली संगीतातलं सर्वांत आदराचं नाव म्हणजे अमरदेव. तेही 1950 च्या दशकात इथेच भातखंड्यांच्या संस्थेत शिकले. परदेशी पाहुणा घरात उतरला की चोवीस तासांच्या आत घरमालकानं त्याची माहिती सरकारला कळवायची असते. वर्षानुवर्षं हा कागद 'फॉर्म सी' म्हणून ओळखला जातो. शिवाय 180 दिवसांहून मोठा व्हिसा असेल तर पाहुण्यानं चौदा दिवसांच्या आत विदेशी नोंदणी कार्यालयात नाव नोंदवून राहण्याचा परवाना घ्यायचा. 2018 पासून हे काम संगणकावर होतं, म्हणजे रांग घरातच लागते.

गेले सहा महिने जी बाई जगातल्या सगळ्या कचेऱ्यांना नावं ठेवत होती, तिनं त्या सकाळी जेवणाच्या टेबलाची खिडकी केली. सासूबाई पलीकडे बसल्या. चष्मा नाकाच्या टोकावर.

"नमस्ते आंटी," मुलगी बॅग टेकवत म्हणाली. "पानी मिलेगा?"

"पहले पासपोर्ट."

मुलीनं पासपोर्ट दिला. सासूबाईंनी तो उलटसुलट करून, उजेडात धरून पाहिला.

"फोटो?"

तिनं फोटो दिला. सासूबाईंनी ड्रॉवरमधून मोजपट्टी काढली.

"इसमें तुम हँस रही हो."

"आई!" सूनबाई आतून ओरडल्या. पण अधिकाराला नातं नसतं. पासपोर्टात नाव तीन ओळींचं होतं. सिंहली नावांत आधी घराण्याचं लांबलचक नाव आणि मग माणसाचं. सासूबाईंनी विचारलं, "इसमें तुम कौन-सी हो?" आणि सूनबाईंना पोरीच्या चेहऱ्यावर आपलाच चेहरा दिसला. त्यांनी आधी तिला पाणी दिलं आणि मग हळूच सांगितलं, "सगळ्याच्या तीन प्रती काढ. पण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे नको."

पुढे त्या मुलीचंही चक्र फिरू लागलं. नोंदणीला पत्त्याचा पुरावा, संदेश यायला सिमकार्ड, सिमकार्डाला पुन्हा पत्ता. तिच्या वर्गातला नेपाळचा मुलगा मात्र निवांत तबला लावत बसलेला असे. 1950 च्या करारामुळे नेपाळी माणसाला इकडे ना व्हिसा लागतो, ना असा परवाना. दोघी त्याच्याकडे ज्या नजरेनं बघत, तिचा रियाझ करावा लागत नाही.

सासूबाईंच्या कडकपणाला लखनौचा इतिहास पाठीशी आहे, हे मान्य करायला हवं. या शहरानं परदेशी पाहुण्यांचे कागद कधी तपासले नाहीत आणि त्याची किंमत मोजली. क्लॉड मार्टिन हा फ्रान्सच्या ल्यों गावचा. 1776 च्या सुमारास लखनौला आला आणि 1800 साली इथेच वारला. मधल्या काळात त्यानं अफाट पैसा केला आणि कॉन्स्टॅन्शिया नावाचा प्रचंड वाडा बांधायला घेतला. तिथेच आज ला मार्टिनियर शाळा आहे. आपल्या पश्चात वाडा कुणी बळकावू नये म्हणून त्यानं स्वतःला त्याच्याच तळघरात पुरून घेतलं, असं सांगतात. पत्त्याचा याहून भक्कम पुरावा अजून कुठल्याही अर्जदारानं जोडलेला नाही. दुसरा पाहुणा म्हणजे कंपनी सरकारचा रेसिडेंट. नवाबानं त्याला राहायला जागा दिली, किती दिवस राहणार हे विचारणं अदबीत बसलं नाही, आणि 1856 साली पाहुण्यानं अख्खं अवध खालसा करून यजमानालाच कलकत्त्याला धाडलं. सासूबाई म्हणतात, "तेव्हा कुणीतरी फॉर्म सी भरून घ्यायला हवा होता."

यथावकाश सूनबाईंनी परीक्षा दिली. आकड्यांत त्यांना पैकीच्या पैकी मिळाले. जर्मन माणूस 'चार आणि वीस' म्हणतो, आपणही चोवीस म्हणताना चार आधीच घेतो. तिकडे मुलाला योग्य मापाचं घर मिळालं, कारण घरमालकीणबाई दयाळू होती आणि तिला नियम माहीत नव्हते. व्हिसा आला. पेढे वाटायला सासूबाई समोर गेल्या, तर वकीलसाहेबांनी त्यांच्याआधीच मिठाई मागवून ठेवली होती.

तिथे उतरल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्ता नोंदवायचा, त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र. मग परवान्याचा अर्ज, आणि परवाना यायला उशीर होणार म्हणून दरम्यानच्या काळासाठी आणखी एक कागद. त्यात 'तुम्ही इथे कायदेशीरपणे राहत आहात असं समजण्यात येत आहे' अशा अर्थाचा मजकूर असतो. सासरे म्हणाले, "हे बरंय. आमच्याकडे जावयाला आयुष्यभर तसंच समजून घेतात."

जर्मनीला एकट्यालाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. इटलीत उतरल्यापासून आठ दिवसांत परवान्याचा अर्ज करावा लागतो, तोही टपाल कचेरीत, 16 युरोंचं मुद्रांक तिकीट लावून. पोर्तुगालनं जुनं परदेशी नागरिक खातं ऑक्टोबर 2023 मध्ये बंद करून नवं काढलं. लाखो तुंबलेले अर्ज वारसाहक्कानं नव्या खात्याला मिळाले. ब्रिटननं तर प्लास्टिकची निवासपत्रं 31 डिसेंबर 2024 रोजी एकदम संपवली. कित्येकांना तिथे राहण्याची मुभा त्यापुढे कितीतरी वर्षांची होती, पण कार्डावर तीच तारीख. लखनौच्या वैद्यकीय महाविद्यालयातून तिकडे गेलेल्या डॉक्टरांच्या आया ती तारीख वाचून इकडे नवस बोलत होत्या.

सूनबाईंचं कार्ड आलं. त्यावर नाव एकच आहे, आणि ते बरोबर आहे. मुदत मात्र नवऱ्याच्या परवान्याइतकीच, आणि नवऱ्याची अर्धी मुदत बायकोची वाट पाहण्यात गेली होती. म्हणून दोघांनी नूतनीकरणासाठी वेळ मागितली आहे. तिकडच्या नोंदवहीत बघून सांगतो असं उत्तर आलं आहे, अतिशय अदबीनं.

जाणाऱ्या मंडळींना एक सांगणं. पासपोर्टची मुदत आधी बघून घ्या, कारण राहण्याचा परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे देत नाहीत. व्यवसायाच्या रकान्यात 'लेखक' असं मुळीच लिहू नका, लगेच उत्पन्नाचा पुरावा मागतात आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी सिद्ध करणं कुणालाही जमलेलं नाही. आणि लग्नपत्रिकेवर 'चि. सौ. कां.' जरूर छापा, फक्त ती पत्रिका भाषांतराला देऊ नका.